सरकारी दवाखान्यातून गोजरअक्काला

पामर्स्टन नॉर्थ, न्यूझीलंड
४ मे

गोजरअक्का,

धाकट्या नंदाचं पाया पडणं.

तू फोन घेत न्हाईस म्हणून हा कागद. आकांक्षा बिचारी फोन तुझ्या कानाशी नेती, तुझं खाकरणं मला इथं ऐकू येतं, अन् मंग पुन्हा तिचाच आवाज. "काकू, आई कामात हायेत." चार वर्सं झाली मला इकडं येऊन, तुझं काम काही सरंना. सून चांगली मिळाली तुला. रोज सासूसाठी खोटं बोलती.

कागद काही परत हातात देता येत न्हाई. चुलीत घालायचा तर घाल, पण आधी वाच.

मी निघाले तव्हा तू म्हणलीस, "पोराच्या मागं चालली, जाय. मागं कोण ऱ्हायलं ते बघू नको." मी बघितलं होतं अक्का. जीपच्या काचेतून बघितलं. तू वट्यावर शेंगा फोडत बसल्ती अन् मान वर केली न्हाईस. एकुलतं पोरगं, त्यानं बोलावलं, मी आले. यात तुझं चुकलं न्हाई अन् माझंबी न्हाई. पण एका मांडवात दोघी बहिणी दोघा भावांना दिल्या, बहिणीच्या जावा झालो, दोन्ही कारभारी गेल्यावर एका चुलीवर ऱ्हायलो. तुला राग येणार हे मला कळत होतं.

इथं आता गारठा सुरू झालाय. झाडांची पानं लाल होऊन गळून राह्यली. तिकडं तू कुरडया घालत असशील. चीक हाटायला जोडीला कोण हाय? आकांक्षाचा हात नाजूक, तिला ते पातेलं धरून ठेवायला जमायचं न्हाई. तू एकटीनं उचलू नको.

सुमितचं बियाणाच्या कंपनीतलं काम बराबर चाललंय. जालन्याच्या कंपनीत होता तेच काम, फक्त इथं मका सोडून गवताचं बी. गवताचं! आपण उपटून फेकतो ते हे लोक पेरतात. सूनबाई अंजू शाळेत शिकवती. मी दिवसभर खिडकीत. समोरच्या घरातली म्हातारी हात हालवती, मी हात हालवते. तेवढंच आमचं बोलणं.

आता एक गंमत सांगते, हसशील. इथलं सरकार साठीच्या म्होरच्या माणसाला घरी एक पाकीट पाठवतं. मला वाटलं निवडणुकीचं काही असंल. सुमितनं वाचलं अन् त्याचं तोंड लाल. "आई, तू अंजूला विचार," म्हणून भायेर पळाला. अंजूनं सांगितलं, "आई, यात थोडीशी संडास घालायची अन् पोस्टानं परत पाठवायची." मी म्हणलं, कुणाला? म्हणे सरकारला! अंगणवाडीत होते तव्हा सरकारनं माझ्याकडून नाना तऱ्हेची माहिती मागवली, पण ही कधी मागितली न्हाई. दोन दिवस मी ते पाकीट पलंगाखाली लपवलं. मंग अंजूनं लईच मागं लागून पाठवायला लावलं. पोस्टाच्या पेटीत टाकताना मी इकडं तिकडं बघत होते, जसं काही चोरी करून राह्यले.

आता पुन्हा तपासणीला बोलावलंय. समद्यांनाच बोलावतात म्हणे. काळजीचं काही न्हाई.

तू कशी हायस ते चार ओळी लिहून कळव. तुझा लेक अंगद पोस्टात टाकील.

तुझी
नंदा


वॉर्डातून
९ जून

अक्का,

पाठीमागच्या कागदात मी खोटं लिहिलं. समद्यांना बोलावत न्हाईत. त्या पाकिटात रक्त निघालं म्हणून मला बोलावलं. खालून दुर्बीण घातली, मोठ्या आतड्यात गाठ सापडली. उद्या ऑपरेशन हाय. हा कागद सरकारी दवाखान्याच्या खाटेवरून लिहून राह्यले.

सुमित गाडीत बसून रडला. मी मागच्या सीटवर होते. त्याला वाटलं मला दिसत न्हाई.

हा दवाखाना सरकारी हाय हे मला तीनदा विचारून खरं करावं लागलं. फरशी अशी की भाकरी थापावी. पण अक्का, एका खोलीत चार खाटा, अन् समोरच्या खाटेवर बाप्या! म्हातारा, गोरा, पाय लांब करून पेपर वाचून राह्यला. मी नर्सला खुणेनं म्हणलं, हा चुकून आला का? ती हसली. इथं बाया अन् बाप्ये एकाच खोलीत. मध्ये पडदा. मी पहिला दिवस पडदा ओढूनच बसले. आता सवय झाली. तो बिचारा मला रोज "गुड मॉर्निंग" म्हणतो अन् मी पदर नीट करून "गुड मॉर्निंग" म्हणते. पदर कसला, दवाखान्याचा झगा. पाठीमागून समदा उघडा, नाड्या बांधलेला. तू बघितलं असतंस तर तिथंच मला साडी गुंडाळली असतीस.

डॉक्टरीण तरणी हाय, अंजूएवढी. माझ्याशी बोलायला फोनवरून एक हिंदीवाली बाई जोडून देतात. फोन खाटेवर ठेवायचा अन् तिघींनी बोलायचं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, दुखतं कसं? मी म्हणलं, कधी कळ येती, कधी चमक मारती, कधी पोट गुबारतं. ती फोनवाली एकच काहीतरी बोलली. मी म्हणलं, "बाई, मैंने तीन बोला." ती म्हणली, "मांजी, इंग्लिश में सब पेन ही है." मंग डॉक्टरीण म्हणली, दहापैकी किती दुखतं? मी म्हणलं, दुखणं काय परीक्षेला बसलंय? तेबी त्या बाईनं सांगितलं वाटतं, कारण डॉक्टरीणबाई मोठ्यानं हसली अन् माझा हात तिनं हातात घेतला. कागदावर सही करायच्या आधी आत काय कापणार, काय जोडणार, त्यात काय वाईट होऊ शकतं, समदं चित्र काढून सांगितलं. असं मला उभ्या जन्मात कुणी समजावलं न्हाई.

भेटायला मात्र ठरल्या वेळेलाच येऊ देतात. ती संपली की सुमित अन् अंजू जातात. मंग मी अन् भिंत.

त्या वेळेला मला लई आठवण येती, आपण आईला घेऊन जालन्याच्या सरकारी दवाखान्यात ऱ्हायलो होतो त्याची. तू चौदाची असशील, मी फ्रॉकातली. लिंबाखाली तीन दगड मांडून तू भाकरी करायचीस अन् धूर डोळ्यात गेला म्हणून रडायचीस. आता कळतं, धुरानं न्हाई. अंबडकडची एक बाई तिच्या नवऱ्याला घेऊन आल्ती, ती आपल्याला रोज ताक द्यायची. जांब समर्थची एक म्हातारी समर्थांचा अंगारा आईच्या उशाखाली ठेवून गेल्ती. पहिला सवाल समद्यांचा एकच, "कुठलं गाव तुमचं?" वॉर्डात पाय ठेवायला जागा नसायची, पण आई कधी एकटी न्हाई ऱ्हायली. डोळे उघडले की कुणीतरी दिसायचंच. अन् ती आपल्याला बघून म्हणायची, "पोरींनो, जेवलात का?"

काल शेजारच्या खाटेवर एक बाई आली. इथल्या मूळच्या लोकांपैकी, माओरी म्हणतात त्यांना. रंगानं आपल्यावानी, हाडापेरानं चांगली थोराड. नाव मेरे. मी अंजूला म्हणलं, मेरे म्हंजे हिंदीत माझे. तिला ते सांगितलं तर ती लई खूश झाली. तिच्यामागं समदा गोतावळा आला. म्हाताऱ्या, पोरंसोरं, डबे, चादरी. नर्स काही बोलली न्हाई, उलट खुर्च्या आणून दिल्या. त्यांनी खाटेभोवती उभं राहून गाणं म्हणलं, देवाचं असंल. मला एक शब्द कळला न्हाई अन् तरी समदं कळलं.

अन् अक्का, मेरेनं मला काय विचारलं सांगू? अंजूकरवी विचारलं, "तुझी नदी कोणती?" त्यांच्यात असंच विचारतात म्हणे, आधी डोंगर, मंग नदी, अन् माणसाचं नाव शेवटी. चार वर्सांत या देशात मला कुणी गाव विचारलं न्हाई. मी म्हणलं, "गिरजा."

उद्या मेरेच्या घरचे माझ्यासाठीबी गाणं म्हणणार हायेत. तू देवाजवळ दिवा लाव. राग तसाच ठेवून लाव, चालतंय.

नंदा


वॉर्डातून
१७ जून

अक्का,

जित्ती हाय. गाठ काढली, आतड्याचा एक तुकडा काढला, दोन्ही टोकं शिवून दिली.

दुसऱ्याच दिवशी मला खाटेवरून उठवून चालवलं. मी म्हणलं, अगं बाई, पोट फाडलंय माझं. नर्स म्हणली, चाला. नळ्या धरून, तो उघडा झगा सावरत, मी वॉर्डभर चालले अन् तो पेपरवाला म्हातारा टाळ्या वाजवून राह्यला.

पुढचं वाचून तू तोंडाला पदर लावशील. आतडं जोडलं की ते चालू झालं का बघायला लागतं. म्हणून रोज सकाळी डॉक्टरीण, तिच्यामागं शिकाऊ पोरंपोरी, समदे खाटेशी येतात अन् फोनवाली बाई मोठ्या अदबीनं विचारती, "मांजी, हवा निकली क्या?" समोर बाप्या! मी मान खाली घालून "न्हाई" म्हणायचे. समदे नाराज होऊन जायचे. चौथ्या सकाळी मी "निकली" म्हणलं तर डॉक्टरीणबाईनं दोन्ही हात वर केले. मेरे खाटेवरून ओरडली. पडद्यापलीकडून म्हातारा "व्हेरी गुड" म्हणला. माझं लग्न ठरलं तव्हा एवढा आनंद कुणाला झाला नव्हता. बक्षीस म्हणून लाल जेली दिली खायला. चव औषधावानी, हालती भुतावानी. तुझ्या हातची ज्वारीची पातळ कण्ही, वरून लसूण अन् जिरं, तेवढी एक वाटी मिळाली असती तर मी धावतच घरी गेले असते.

आता ज्याच्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते लिहिते. हे एकटीनं वाच.

काल डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसली. म्हणली, तुमच्या आई कशानं गेल्या? मी म्हणलं, पोटाच्या दुखण्यानं. उष्णता होती, खालून रक्त जायचं, वाळत वाळत गेली. ती म्हणली, वय? मी म्हणलं, आमच्यात कुणी वय मांडून ठेवत न्हाई, पण केस काळे होते. मंग तिनं कागदावर आईचा एक गोल काढला, त्याच्याखाली माझा. म्हणली, भावंडं? मी म्हणलं, एक बहीण, मोठी. तिनं माझ्या शेजारी तुझा गोल काढला. रेघ ओढून आईला जोडला. म्हणली, "त्यांना कधी रक्त गेलंय?"

फोनवालीनं दोनदा विचारलं. तुझी गोष्ट परक्या बाईला कशी सांगू, असं झालं मला.

मी तिकडं होते तव्हापासूनच तू तुझं लुगडं वेगळं धुवायचीस, ते मला दिसायचं. मी विचारलं की म्हणायचीस, "मूळव्याध हाय, उन्हाचं होतं." जिऱ्याचं ताक प्यायचीस. आईबी तेच म्हणायची. तिचंच वाक्य तू बोलायचीस, हे मला त्या खाटेवर पडल्यावर उमगलं.

मी डॉक्टरीणबाईला म्हणलं, "हां. जातं रक्त." ती म्हणली, त्यांना लवकर तपासायला सांगा. दुखणं वाढायच्या आधीच गाठ सापडली म्हणून मी वाचले. मूळव्याधच असंल तर बरंच झालं, पण बघितल्याबिगर कुणी सांगू शकत न्हाई.

अक्का, या दुखण्याचं नाव कॅन्सर. आईच्या वेळेला कुणी घेतलं न्हाई म्हणून मी घेते.

दुर्बीण तिकडंबी घालतात. लाज वाटती, खरंय. पण भूल देतात, कळत न्हाई. माझ्या वेळेला समोर बाप्या होता, तुझ्याकडं तेवढं तरी नसंल. तू जालन्याला जाय. आकांक्षाला घेऊन जाय.

मेरे आज घरी गेली. जाताना तिनं तिचं नाक माझ्या नाकाला लावलं, कपाळाला कपाळ, अन् थोडा वेळ तशीच ऱ्हायली. त्यांच्यात असा निरोप घेतात. मी डोळे मिटले तर मला वाटलं, तू हायस.

नंदा


पामर्स्टन नॉर्थ
२० जुलै

अक्का,

रिपोर्ट आला. आजूबाजूला पसरलं न्हाई. आणखी औषधपाणी लागणार न्हाई, फक्त वरचेवर तपासणी. सुमितनं फोनवर ऐकलं अन् अंगणात जाऊन उगाच गवत कापत बसला. आधीच कापलेलं होतं.

तुझा कागद न्हाई. फोन केला तर तू कामात.

तर आता ऐक. मी आकांक्षाला अजून काही बोलले न्हाई. सुनेसमोर सासूची अशी गोष्ट काढू नये, एवढं मला कळतं. पण हा कागद पोचून आठ दिवसांत तू दवाखान्यात गेली न्हाईस, तर मी फोन करीन अन् आकांक्षाला सांगीन, स्पीकर लाव अन् वट्यावर ठेव. गल्लीतल्या समद्या बाया बसलेल्या असताना सांगीन. मंग म्हणू नको नंदीनं अब्रू घालवली.

तुला माझ्याशी बोलायचं न्हाई तर जन्मभर बोलू नको. पण त्यासाठी तुला जित्तं ऱ्हावं लागंल. मेलेल्या माणसाचा अबोला मी सोसायची न्हाई.

नंदा


जालना, सरकारी दवाखाना
२५ ऑगस्ट

नंदे,

तुझे समदे कागद पोचले. पहिला चुलीत घातला. वाचून घातला. बाकीचे हायेत.

राग गेलेला न्हाई. आधीच सांगून ठेवते.

आपल्या आईच्या, सगुणाबाईच्या लेकीची गोष्ट स्पीकरवर जाऊ द्यायची न्हाई म्हणून मीच आकांक्षाला बसवून सांगितलं. मला वाटलं पोरगी लाजंल. ती म्हणली, "आई, मला म्हाईत हाय. धुणं वाळू मीच घालते ना. तुम्ही कधी सांगता याचीच वाट बघून राह्यले होते." वर्सभर ती पोरगी हे पोटात घेऊन फिरत होती अन् मी तिला म्हणायचे, तुझं कामात ध्यान न्हाई.

अंगदनं गाडी केली. तपासणीच्या आधी पाण्यात कालवून एक औषध पाजतात ते तू लिहिलं न्हाईस. बेक्कार. रात झाली का दिवस ते कळंना. इथंबी पडदा हाय, पण एक बाजू फाटकी. आकांक्षा तिथं लुगडं धरून उभी ऱ्हायली.

दुर्बिणीत आतड्याला फुटलेले दोन कोंब निघाले, पॉलिप म्हणतात त्यांना. तिथंच काढले. एकाचा रिपोर्ट आला, तो बिघडाय लागलाच होता. डॉक्टर म्हणले, आणखी दोन-तीन वर्सं गेली असती तर मावशी मोठं काम होतं. आता मुळासकट निघालंय. दुसरा साधाच. वर्सानं पुन्हा या म्हणले.

लिंब हाय अजून का ते बघायला मी भायेर आल्ते. न्हाई. तिथं गाड्या लावतात. बांधकामबी लई झालंय. पण माणसं तशीच. मी खाटेवर पडले न्हाई तोच शेजारणीनं विचारलं, कुठलं गाव. आपल्या हसनाबादची अर्धी गल्ली येऊन गेली. डबे एवढे आले की वॉर्डात वाटले. तू तिकडं एकटी भिंतीकडं बघत पडली होतीस, ते वाचून मी भाकरी तशीच सारली. त्या मेरेला माझा नमस्कार सांग. नाकाला नाक लावायचं काही मला जमायचं न्हाई, पण सांग.

कुरडया यंदा घातल्याच न्हाईत. एकटीनं काय चीक हाटायचा.

आता सुट्टी देताना डॉक्टर कागद लिहून राह्यले होते. तरणं पोरगं, आपल्याच भागातलं, भोकरदनकडचं. म्हणले, "मावशी, घरात आणखी कुणाला झालं होतं हे?"

मी म्हणलं, "आईला. अन् बहिणीला."

ते म्हणले, "बहीण हयात हाय का?"

नंदे, चार वर्सं मी तुझं नाव काढलं न्हाई. कुणी काढलं तर उठून जायचे. गल्लीतल्या बायांनी विचारलं तर म्हणायचे, मला न्हाई म्हाईत. अन् त्या पोरानं असं विचारलं की मी खाटेवरून उठूनच बसले. म्हणलं, "हाय ना! चांगली जित्ती हाय. न्यूझीलंडात हाय. नंदाबाई तिचं नाव. तिनंच मला पाठवलंय." एवढ्या मोठ्यानं म्हणलं की वॉर्डातली माणसं वळून बघाय लागली. अन् मंग मला रडूच आलं. पदर तोंडात घातला तरी थांबंना.

त्या पोरानं कागद खाली ठेवला. म्हणला, "मावशी, लई दुखून राह्यलं का?"

मी म्हणलं, व्हय.

गोजर